एकवीस दिवसांचं व्रत

सवय 21 दिवसांत लागते, हे आता पंचांगात छापायचंच तेवढं उरलंय. मूळ कुठलं? मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं 1960 मध्ये लिहिलं, की नव्या चेहऱ्याशी जुळायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला, चेहऱ्याच्या जागी सूर्यनमस्कार आले. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना बारा आठवडे जोखलं. अंदाज निघाला 18 ते 254 दिवसांचा, मध्यक 66. आकडा खोटा असेना, माणूस सुरुवात तर करतो, असं कोणी म्हणेल. करतो की! आणि बाविसाव्या सकाळी अंथरूण सुटेना, की स्वतःलाच नालायक ठरवतो. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं होतं. पण खाडा माफ करणाऱ्या शिबिराची फी कोण भरणार?