घरबसल्या उत्पादकतेच्या आचार्यांस सोलापुरातून अनावृत पत्र

माननीय सल्लागार महोदयांस,

मार्च 2020 मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, कचेऱ्यांना कुलुपे लागली आणि तेव्हापासून घरून काम करताना कार्यक्षम कसे राहावे या विषयावर महोदयांनी जी व्याख्याने दिली व ज्या पुस्तिका काढल्या, त्यांचा लाभ पुण्याच्या हिंजवडीतून लॅपटॉपसह सोलापुरात परतलेल्या अभियंत्यांना झाला असला, तरी याच शहराच्या पूर्वभागाला त्यांचा काडीमात्र उपयोग झालेला नाही, ही खेदाची बाब या पत्राने निदर्शनास आणून देण्यात येत आहे. पूर्वभाग म्हणजे तेलंगणातून विणकामासाठी येऊन स्थिरावलेल्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाची दाट वस्ती असलेला भाग. तेथील पुरुष कापड गिरणीत किंवा यंत्रमागावर जात आणि स्त्रिया घरी बसून विड्या वळत, अशी श्रमाची विभागणी अनेक पिढ्या चालत आली. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग कधी चालू कधी बंद राहिले, विड्या मात्र वळल्या जातच राहिल्या. विडी कामगार स्त्रियांची शहरातील संख्या आजही साठ-सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते.

घरून काम ही कल्पना महोदय अमेरिकेपासून सांगू लागतात, कारण जॅक नाइल्स यांनी 1973 मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द रूढ केला, म्हणजे कामगाराने कामाकडे जाण्याऐवजी दूरसंचाराच्या मदतीने कामच त्याच्या घरी न्यावे असे सुचवले. त्याआधी सात वर्षे, 1966 मध्ये, भारताच्या संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी कायदा करताना, मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणारी व्यक्ती हीसुद्धा ‘कर्मचारी’च होय, असे व्याख्येत लिहून ठेवले होते. हे लिहावे लागले याचे कारणही उद्बोधक आहे. विड्या कारखान्याच्या छपराखाली वळून घेतल्या तर 1948 चा कारखाना कायदा लागू होतो आणि घरोघर वाटून वळून घेतल्या तर मालक कोण व कामगार कोण हेच धड ठरत नाही, अशी सोय या धंद्यात झाली होती. घर हे कामासाठी आदर्श स्थळ असल्याचा जो शोध महोदयांनी अलीकडे लावला, तो विडीच्या व्यापाराला फार पूर्वीच लागलेला होता, आणि त्यासाठी कोणालाही व्याख्यानाचे शुल्क द्यावे लागले नव्हते.

महोदयांच्या उपदेशातील आद्य सूत्र असे की, कामासाठी घरात स्वतंत्र खोली असावी, तिचे दार लावता यावे आणि कामाची व विश्रांतीची जागा यांची सरमिसळ होऊ नये. या सूत्रामागे संशोधन आहे, हे मान्य केले पाहिजे. सीट्रिप या चिनी प्रवास-आरक्षण कंपनीच्या शांघाय येथील कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला, 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढल्याचे त्यांत दिसले. हा आकडा महोदयांच्या मुखातून वारंवार ऐकू येतो. मात्र प्रयोगात सहभागी होण्यासाठी घरात वेगळी खोली असणे ही मुळात अटच होती, आणि 13 पैकी सुमारे 9 टक्के वाढ ही लोकांनी विश्रांती व आजारपणाच्या रजा कमी घेऊन जास्त मिनिटे काम केल्यामुळे झाली होती, हे सांगायला वेळ उरत नसावा.

सोलापुरात अशी खोली शोधायची झाल्यास महोदयांना शहराजवळच्या कुंभारीस न्यावे लागेल. वारली आदिवासींमध्ये काम केलेल्या कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने तेथे विडी कामगार स्त्रियांची 10,000 घरांची वसाहत उभी आहे. आडम मास्तर या नावाने शहराला परिचित असलेले नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा झाला, तेव्हा कुठे 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचा ताबा मिळाला. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर आखले गेले आणि जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यांतील पहिली 15,000 घरे दिली गेली. त्यांतील एक घर साधारण 300 चौरस फुटांचे. त्यात स्वयंपाक, पाच माणसांची झोप, दहावीचा अभ्यास आणि तेंदूपत्त्याचे ओले गोणपाट यांचे चार स्वतंत्र विभाग कसे पाडावेत, याचा नकाशा महोदयांनी उलट टपाली पाठवल्यास वसाहत त्यांची ऋणी राहील.

विडी वळणे म्हणजे नेमके काय, हेही येथे नोंदवणे इष्ट आहे, कारण महोदयांच्या पुस्तिकांत हात या अवयवाचा उल्लेख कळफलकापुरताच येतो. तेंदू म्हणजे टेंभुर्णीचे झाड. या नावाचे गाव सोलापूर जिल्ह्यात असले तरी पाने येतात ती विदर्भाच्या आणि मध्य भारताच्या जंगलांतून. ती पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, मऊ पडली की पत्र्याचे माप वर ठेवून कात्रीने आयताकृती तुकडे काढतात, आणि मग मांडीवर सूप घेऊन बाई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसते. डाव्या तळव्यावर पान, त्यावर चिमूटभर तंबाखू, अंगठ्याने एक वळसा, दोऱ्याचे वेढे, आणि शेवटी उघडे तोंड नखाने आत दुमडणे, एवढ्या क्रिया ती सुपाकडे न बघता करते. नजर चुलीवरच्या भातावर असते आणि कान पाढे म्हणणाऱ्या मुलाकडे. एका वेळी एकच काम करावे, लक्ष विभागले की उत्पादकता घसरते, या महोदयांच्या सिद्धान्ताला या बाईने धादांत खोटे पाडले आहे. हजार विड्या पुऱ्या करायला असा अख्खा दिवस जातो, आणि मान, कंबर व तंबाखूच्या धुळीने भरलेली छाती यांची किंमत हजाराच्या दरात कोठेही धरलेली नसते. महोदयांनी शिफारस केलेल्या, कण्याला आधार देणाऱ्या खुर्चीचा प्रश्न येथे उद्भवत नाही, कारण खुर्चीवर बसले की सूप मांडीवर ठरत नाही.

25 मिनिटे एकाग्र काम आणि पाच मिनिटे विराम, असे वेळेचे तुकडे पाडणारी पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थांनी टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ वापरून बसवली आणि इटालियन भाषेतील टोमॅटोचे ‘पोमोदोरो’ हे नाव तिला चिकटले. विडी साधारणतः 25-25 च्या जुडीने बांधतात, त्यामुळे 25 या संख्येचे माहात्म्य पूर्वभागालाही मान्य आहे. फरक इतकाच की, घड्याळ वाजल्यावर तेथे कोणी थांबत नाही. थांबण्याचे पैसे कापले जातात ते कोणी सांगण्याची गरज न पडता, कारण मजुरी तासावर नसून हजारावर आहे. यालाच अर्थशास्त्रात उक्ती मजुरी म्हणतात. ‘संध्याकाळी सहाला काम मिटा’ आणि ‘घरी असलात तरी कचेरीचा पोशाख करा’ ही उपसूत्रे यावरून आपोआप निकालात निघतात.

पर्यवेक्षणाबाबत मात्र महोदयांनी सोलापूरकडून काही शिकावे. दूरस्थ कर्मचारी खरोखर काम करतो की नाही, हे पाहण्यासाठी दर काही मिनिटांनी पडद्याचे चित्र टिपणारी संगणकप्रणाली त्यांचे आश्रयदाते विकत घेतात, हा खर्च अनाठायी आहे. विडीच्या व्यवहारात पडदा नाही, कॅमेरा नाही. बाई माल घेऊन कारखान्याच्या शाखेत जाते, तेथे तपासणारा मूठभर विड्या उचलतो, बोटांनी दाबून पाहतो आणि न आवडलेल्या बाजूला टाकतो. या बाजूला पडलेल्या मालाला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही. पाने फाटकी निघाली म्हणून हजारांत जेवढ्या विड्या कमी भरतील, तेवढी पाने बाईने पदरचे पैसे घालून आणायची, असाही प्रघात या धंद्यात ठिकठिकाणी आढळतो. गुणवत्ता-नियंत्रण आणि कच्च्या मालाची जोखीम ही दोन्ही खाती कामगाराकडेच वळती करणारी इतकी स्वस्त यंत्रणा कोणत्याही व्यवस्थापन संस्थेने अद्याप अभ्यासक्रमात घेतली नाही, हे आश्चर्यच म्हणायचे. जागेचे भाडे, दिव्याचे बिल, पिण्याचे पाणी आणि संडास यांचा खर्च तर पहिल्या दिवसापासून घरवालीकडे आहेच.

या खर्चाची भरपाई कोणी करावी, याविषयी महोदयांच्या पुस्तिका मौन बाळगतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये घरून करायच्या कामाविषयीचा 177 क्रमांकाचा करार संमत केला आणि घरी राबणाऱ्यास इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक द्यावी, असे त्यात म्हटले; भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. विडी उद्योगावरील उपकरातून 1976 मध्ये विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा करण्यात आला होता, ज्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर संपला. विडी आरोग्याला घातक आहे, तिचा खप कमी व्हावा, हे कोणीही नाकारणार नाही. पण धंदा मावळेल तेव्हा या हातांना दुसरे काय काम द्यायचे, हा प्रश्न ‘कौशल्यवृद्धी’ या एका शब्दात गुंडाळून ठेवण्यात आला आहे, आणि ओल्या गोणपाटात ठेवल्याने तो पानांसारखा मऊ पडणार नाही.

सबब, महोदयांनी आपली पुढील कार्यशाळा कुंभारीच्या वसाहतीत घ्यावी, अशी विनंती आहे. सकाळी माल देण्याची घाई असल्याने श्रोत्या दुपारी दोननंतर, सूप मांडीवर घेऊनच, उपस्थित राहतील. व्याख्यानाने त्यांच्या कामात खंड पडणार नाही. मानधन ताशी मिळणार नाही, ते महोदयांनी उच्चारलेल्या दर हजार शब्दांवर मोजले जाईल, आणि त्यातून छाट वजा होईल. तपासणीचे काम वसाहतीतील अनुभवी स्त्रियांकडे सोपवले आहे.

कळावे.

ता. क. – जाण्यायेण्याचे भाडे महोदयांचे महोदयांनी करावे. खुर्चीची सोय नाही.