भारत हरण्याचा नवस कसा बोलावा

मानपाडा दोन आहेत, तेव्हा नवस बोलण्यापूर्वी आपण कुठल्या मानपाड्याचे हे नक्की करावे. घोडबंदर रोडवरच्यांनी कोपिनेश्वराकडे जावे. डोंबिवलीकरांना मानपाडेश्वर जवळ पडतो. मागणे मात्र दोघांचे एकच: भारताचा कबड्डी संघ अधूनमधून हरू दे. हे मनातल्या मनात म्हणावे, कारण ठाणे जिल्ह्यात रांगेत आपल्या मागे एखादा माजी चढाईपटू उभा असण्याचा संभव फार. 1990 च्या बीजिंगपासून 2014 पर्यंत एशियाडची सातही पुरुष सुवर्णपदके आपली. विश्वचषक 2004 साली मुंबईत झाला, 2007 साली पनवेलला, 2016 साली अहमदाबादला. तिन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर इराण आणि तिन्ही वेळा विजेता भारत. ही यादी वाचून ज्याची छाती फुगते तो खेळाचा चाहता नव्हे, पदकांचा हिशेबनीस. निकाल आधीच ठाऊक असलेला सामना बघायला परक्या देशातला माणूस कशाला येईल? आणि तो आला नाही, तर ज्या खेळाचे प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखवले, तो पुढेही प्रात्यक्षिकापुरताच राहील.

हा रोग आपल्याच घरचा आहे, असा गर्व करू नये. तेरा जणांच्या रग्बी लीगचा विश्वचषक 1954 पासून सोळा वेळा झाला. त्यातले बारा ऑस्ट्रेलियाने नेले. त्या खेळातही सहा पकडींत चेंडू पुढे न्यायचा असतो, म्हणजे दम आणि धडक यांचे गणित आपल्या ओळखीचेच. तिथल्या चाहत्याला खरा हुरूप आला तो टोंगामुळे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या क्लबांत नाव कमावलेल्या टोंगन वंशाच्या खेळाडूंनी 2017 मध्ये आईबापांच्या बेटाची जर्सी घातली, त्याच वर्षी न्यूझीलंडला हरवले आणि 2019 मध्ये खुद्द ऑस्ट्रेलियाला. लाखभर वस्तीच्या देशाने हे केले.

या नवसावर पहिला आक्षेप राष्ट्रभक्तीचा येणार. त्याला उत्तर द्यायला नाशिकच्या शैलजा जैन पुरेशा आहेत. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये भारतीय महिलांना अंतिम फेरीत 27-24 असे हरवणारा इराणी संघ त्यांनीच घडवला होता. पुरुष तर इराणकडूनच उपांत्य फेरीत गारद झाले. जकार्तातले ते सुवर्ण इराणचे असले तरी त्यामागची विद्या मराठी होती, आणि विद्या बाहेर गेल्याने खेळ लहान होत नाही. दुसरा आक्षेप असा, की पराभवाने खेळाडू खचतात. पण पाच वर्षांनी हांगझोऊला पुरुषांनी इराणला 33-29 हरवून सुवर्ण परत आणले, तेही लॉबीचा (मैदानाच्या कडेच्या पट्ट्याचा) जुना नियम लावायचा की नवा यावरून खेळ बराच वेळ बंद पडल्यानंतर. महिलांनी चायनीज तैपेईला 26-25 असे नमवले. आधीची सातही सुवर्णे एका ताटात ठेवली, तरी हा एक गुण त्यांना भारी पडेल.

नवसाबरोबर व्रतही पाळावे लागते. इराणचा फजल अत्राचली प्रो कबड्डी लीगमध्ये यू मुंबाचा कर्णधार म्हणून डाव्या कोपऱ्यातून पाय धरत होता तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. एशियाडला त्याच फजलने आपल्या चढाईपटूचा घोटा पकडला की शिव्या देऊ नयेत. त्याच्याच देशाच्या मोहम्मदरझा शादलूला पुणेरी पलटणने 2023 च्या लिलावात 2 कोटी 35 लाखांना घेतले आणि त्या हंगामाचे विजेतेपदही मिळवले. प्रतिस्पर्धी आपण पैसे मोजून तयार करतो आहोत, ही लीगची सर्वांत चांगली चूक. ‘मग आपल्या पोरांचे काय?’ असे कोणी विचारील. आपल्या पोरांना या पाहुण्यांपेक्षा घरच्या कागदपत्रांनी जास्त छळले आहे. 2018 पासून भारतीय कबड्डी महासंघावर न्यायालयाने नेमलेला प्रशासक होता. इराणमधल्या आशियाई स्पर्धेला महिला संघ जाऊ शकावा म्हणून 2025 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. संघ गेला आणि जिंकून आला. तेव्हा नवसात पराभव मागताना तो मॅटवरचाच मागावा, कोर्टातला नको. देव शब्दश: ऐकतो म्हणतात.

आता 2026 च्या आयची-नागोया एशियाडबद्दल. पुरुष संघाची सुवर्णाची शक्यता सर्वांत जास्त. अंतिम फेरीत इराण आला तर सामना अटीतटीचा होईल, न आला तर टीव्ही बंद करून बाजारहाट उरकावी. महिलांच्या बाबतीत पैज लावू नये. तैपेई एका गुणावर आली होती, इराणने तर सुवर्णच नेले होते, म्हणून आधी महिलांचे सामने बघायला बसा. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे संध्याकाळी सहाला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुपारी अडीचला लागेल. रजेचा अर्ज आत्ताच टाका.