भोपळेवाला

भिलाईत निवृत्त माणूस स्वस्थ बसलेला मी तरी अजून पाहिलेला नाही. सगळी हयात पोलाद कारखान्यात पाळ्या करण्यात गेली, त्या माणसाचे हात साठीनंतर एकदम कुठं ठेवणार? त्यामुळे सेक्टर ६ मध्ये रविवारी सकाळी फिरायला निघालं की क्वार्टरांमधून ठोकाठोकी ऐकू येते. कुणी कूलरचा पंप उघडून बसलेला असतो, कुणी मिक्सर. आमच्या शेजारच्या काकांनी यंदा गाडीची सीट काढली.

कारण तसं रास्त होतं. काका निवृत्त झाल्यावर काकूंनी गाडी शिकायला घेतली. चालवणारे दोघं, ड्रायव्हरची सीट एक, आणि ती काकांच्या लांब टांगांच्या मापावर अडकून बसलेली. खालचा दांडा कितीही ओढा, पुढं सरकायचं नाव नाही. क्लचला पाय पोचावा म्हणून काकू पाठीशी उशी घ्यायच्या, आणि उशी घेतली की आरशात त्यांना मागचा रस्ता दिसण्याऐवजी स्वतःचं कपाळ दिसायचं. त्यात काकांची सगळी नोकरी रेल मिलमधली. १९६० पासून देशाला रूळ पुरवणारं हे गाव, आता तर नव्या मिलमधून १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो. तिथल्या माणसाच्या घरात हातभर लांबीचा रूळ जाम व्हावा आणि त्यासाठी मिस्त्री बोलवावा, हे काकांना पटणं शक्यच नव्हतं.

काम त्यांनी झकास केलं, हे सांगायलाच हवं. चार बोल्ट काढले, सीटखालचा पिवळा प्लग अलगद सोडवला, सीट उचलून व्हरांड्यात ठेवली. रुळाच्या खाचेत एक रुपयाचं नाणं, चिंचोका आणि बडीशेपेचा दगडासारखा झालेला थर निघाला. काकांनी डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन रूळ आरशासारखा केला, बोटानं ग्रीस भरलं. एवढ्यात आभाळ भरून आलं. काचा उघड्या होत्या. काकांनी किल्ली फिरवली, काचा वर घेतल्या, किल्ली काढली. सगळं रामायण घडलं ते त्या क्षणात.

संध्याकाळी सीट बसवून गाडी सुरू केली, तर डॅशबोर्डावर लाल दिवा. त्यात पट्टा बांधून बसलेला एक माणूस आणि त्याच्यासमोर मोठा गोल. "हा भोपळेवाला कोण?" काकूंनी विचारलं. तेव्हापासून त्याचं तेच नाव पडलं.

भोपळेवाला एरवीही रोज दिसतो, आपण त्याच्याकडे पाहत नाही इतकंच. किल्ली फिरवली की तो काही सेकंद पेटतो, तेवढ्यात एअरबॅगचा कंट्रोलर सगळ्या तारा तपासतो आणि सारं ठीक असलं की दिवा विझवतो. तपासणी बारकाईची असते. प्रत्येक बॅगेच्या सर्किटचा रोध साधारण दोन-तीन ओहम असतो, प्लग जरा सैल बसला तरी तो वाढतो आणि दिवा लागतो. काकांच्या गाडीत एक बॅग सीटच्या पाठीतच, दाराच्या बाजूला, घडी करून ठेवलेली आहे. पिवळी तार तिचीच. एअरबॅगच्या तारा आणि प्लग सहसा पिवळे ठेवतात ते हौसेनं नव्हे, हात घालणाऱ्यानं दोनदा विचार करावा म्हणून. काकांनी काचांसाठी किल्ली फिरवली तेव्हा कंट्रोलरनं हजेरी घेतली, सीटची बॅग गैरहजर सापडली, आणि त्यानं तशी नोंद केली. नंतर प्लग जोडला तरी बऱ्याच गाड्यांत ही नोंद आपोआप पुसली जात नाही. दिवा तसाच राहतो, आणि तो लागलेला असेपर्यंत धडकेच्या वेळी बॅगा उघडतील याची खात्री धरता येत नाही.

पण हे सगळं नंतर कळलं. त्या आठवड्यात गल्लीत कळलं ते वेगळंच. सेक्टर ६ मध्ये कालीबाडी आहे, गुरुद्वारा आहे, जामा मशीद आहे, आणि या तिन्हीकडं जाणाऱ्या-येणाऱ्यांनी आपापलं निदान देऊन ठेवलं. समोरच्या बंगाली दादांनी बॅटरीची तार काढून लावायला सांगितली. तेही केलं. घड्याळ बारावर गेलं, रेडिओची स्टेशनं पुसली गेली, भोपळेवाला जागचा हलला नाही. कोपऱ्यावरच्या सरदारजींनी फ्यूज सुचवला. वरच्या मजल्यावरच्या, सेक्टर ९ च्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या केरळी सिस्टर एवढंच म्हणाल्या, "हात मत लगाओ." तो सल्ला फुकटचा नव्हे तर चांगला होता, म्हणून कुणी घेतला नाही.

शेवटी काकांनी काळी टेप आणली. दिव्यावर चिकटवायला.

मला गंमत वाटली ती इथं. याच काकांनी मला एकदा तासभर समजावून सांगितलं होतं, की प्लांटात मशीनवर काम करायचं तर आधी शटडाऊन घ्यायचं, स्विचला कुलूप घालायचं, आपल्या नावाचा लाल टॅग अडकवायचा, आणि काम झालं तरी तो टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावला तर त्याची धडगत नाही. साहेब असला तरी नाही. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. आता कंट्रोलरनं स्वतःचा लाल टॅग लावला होता, आणि काका त्यावर टेप चिकटवायला निघाले होते. मी तसं म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, पण ती माझी गाडी आहे नं!" टेप मात्र खिशात गेली. तिच्या पाठोपाठ बाहेर निघालेला मल्टीमीटरही काकूंनी काढून घेतला, आणि बरं झालं: एअरबॅगच्या तारेत साधा मीटर लावला तर मीटरचा तेवढासा करंटही बॅग उडवायला पुरू शकतो. बॅग फुगते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत. आत ठेवलेली गोळी म्हणजे छोटं स्फोटकच.

सुपेल्याच्या बाजूच्या एका गॅरेजातला पोरगा आला. विशी-बाविशीचा, हातात स्कॅनर. काकांकडेही ऑनलाइन मागवलेला एक स्वस्त स्कॅनर होता, पण तो फक्त इंजिनाशी बोलतो, एअरबॅगच्या कंट्रोलरची भाषा त्याला येत नाही. पोरानं कोड वाचला, काकांकडे पाहून विचारलं, "एला कोन खोले रहिस?" काकांनी आभाळाकडं पाहिलं. त्यानं कोड पुसला. दिवा विझला, किल्ली फिरवली, परत आला.

मग त्यानं जे केलं त्यानं काका जिंकले गेले. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि काहीही न करता चहा मागितला. काकूंनी चहा टाकला. तो पायरीवर बसून सावकाश प्यायला. कंट्रोलरच्या आत कपॅसिटर असतात, अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून चार्ज धरून ठेवणारे. ते उतरेपर्यंत थांबायचं. "डिस्चार्ज होने दो, बाबूजी." काकांनी त्याच्यासाठी आणखी बिस्किटं मागवली. कपॅसिटर उतरेपर्यंत हात न घालणारा माणूस त्यांच्या लेखी घरचाच.

चहा संपल्यावर पोरगा सीटखाली आडवा झाला, प्लग काढला, मला जवळ बोलावून दाखवला. आत पितळेची नखाएवढी पट्टी. प्लग सुटला की ही पट्टी दोन्ही पिना आपसात जोडून टाकते, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेनं बॅग उडू नये. काकांनी प्लग नीट बसवला होता, पण त्यावरची छोटी खिट्टी आत सारायची राहिली होती. पोरानं अंगठ्यानं दाबली. टक् आवाज झाला. तार जोडली, कोड पुसला, किल्ली फिरवली. भोपळेवाला पेटला, थोडा थांबला, गेला.

जाता जाता पोरानं काकूंना सांगितलं, की सीट आता सरकते म्हणून अगदी चाकाला चिकटून बसू नका, बॅग छातीवर जोरात येते. सुरक्षेवाले स्टिअरिंगच्या मधोमधपासून छातीच्या हाडापर्यंत निदान २५ सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगतात. झालं. काका आत जाऊन स्टीलचा टेप घेऊन आले. काकू सीटवर, काका खिडकीतून अर्धे आत, टेपचं एक टोक हॉर्नवर.

"बावीस," काका म्हणाले. "मागं घ्या."

"मागं घेतलं तर क्लच नाही पोचत."

"मग पाठ सरळ करा, टेकून बसा. चोवीस. आणखी थोडं."

"अहो, टेप काढा नं तो. मला सिव्हिक सेंटरला जायचंय, भाजी घ्यायची आहे, दुकानं बंद होतील!"

"पंचवीस होऊ द्या आधी."

काकूंनी काच वर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा काका बाहेर निघाले.