सीमाशिलामीमांसा : विष्णुपुरी प्रकरण

अथातो धोंडाजिज्ञासा. विष्णुपुरीत १९८१ पासून अभियांत्रिकीचे महाविद्यालय व १९९४ पासून विद्यापीठ विद्यमान आहे. तथापि दोन गावांच्या शिवेवर वा दोन शेतांच्या धुऱ्यावर अर्धा पुरलेल्या धोंड्यास अद्याप अध्यासन लाभलेले नाही. ही उणीव प्रस्तुत लेखाने दूर होत आहे.

व्याख्या : ज्याच्या अभावी तंटा उद्भवत नाही आणि ज्याच्या साक्षीने तो मिटत नाही, तो पाषाण म्हणजे सीमाशिला.

भेद :

१. सशाप. कोकणातील गधेगाळ हे याचे अभिजात रूप : वर चंद्रसूर्य, खाली गाढव, आणि दानभूमी बळकावणाऱ्याच्या मातेविषयी अनुच्चारणीय वचन. अक्षीचा शके ९३४ चा मानला जाणारा लेख याच कुळातला. विष्णुपुरी परिसरात हे वचन मौखिक परंपरेने जतन झाले असल्याने कोरक्याचा खर्च वाचतो.

२. सशेंदूर. शेंदूर लागताच शिला महसुली कक्षेतून दैवी कक्षेत जाते व म्हसोबा ही संज्ञा पावते. पुराणवस्तूंच्या संरक्षणाचा याहून स्वस्त उपाय अस्मादिकांस ज्ञात नाही. येथे दोन संप्रदाय आहेत. प्रादुर्भाववादी म्हणतात, देव मूळचाच तिथे होता. नांगरवादी नम्रपणे निदर्शनास आणतात की, शेंदूर नेहमी धोंडा सरकल्यानंतरच लागतो.

३. चर. ही शिला प्रतिवर्षी पेरणीपूर्वी वीतभर चालते. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाने सीमाचिन्हांच्या देखभालीचा भार जमीनधारकावर टाकला आहे. उभय शेजारी ती देखभाल आपापल्या बाजूने, खांदा लावून करतात.

४. जलस्थ. गोदावरीवरील प्रकल्पाच्या पाण्याखाली गेलेली. निर्विवाद, सबब शास्त्रदृष्ट्या नीरस.

आता प्रमाणग्रंथ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार सीमेखाली हाडे, गाईचे केस, भूस, राख, खापऱ्या, शेण, विटा व कोळसे गुप्तपणे पुरावेत. नांदेड जिल्ह्यातील कोणतेही शेत कुठेही खणले असता हा संपूर्ण ऐवज मिळतो. त्यावरून सर्व शेत हीच सीमा, असा अद्वैत सिद्धान्त निष्पन्न होतो. तो तलाठ्यांस मान्य नाही.

सीमानिर्णयास मनूने ज्येष्ठ मास विहित केला आहे, कारण तेव्हा खुणा स्पष्ट दिसतात. मराठवाड्यातील ऊन लक्षात घेऊन प्रस्तुत अभ्यासकाने क्षेत्रीय निरीक्षण मार्गशीर्षात केले. धोंडा डोक्याएवढ्या तुरीत होता. तो सापडला नाही. वर्गीकरणास त्यामुळे बाध येत नाही.