उजव्या मुठीवरचा संशय

इलेक्ट्रिक सायकल घेताना मी दुकानदाराला एकच तांत्रिक प्रश्न विचारला होता, ‘लायसन लागतं का?’ मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, त्यामुळे लायसनही नको आणि नंबरप्लेटही नको, असं उत्तर आलं आणि माझं तांत्रिक शिक्षण तिथेच संपलं.

पुढे सायकलला एक चमत्कारिक रोग जडला. कोथरूडहून मंडईत जाताना ती भन्नाट पळायची. भाजी घेऊन निघालो, की उजव्या मुठीची रेस कितीही पिळा, ढिम्म हलायची नाही. दिवे लागलेले, बॅटरी भरलेली, मोटर मात्र मौनात. बॅटरीसकट ते धूड पायडल मारत पौड रस्त्याच्या चढावर नेताना शाळकरी पोरं साध्या सायकलींवरून मला मागे टाकत. घरी येऊन पिशवी उतरवावी, मूठ पिळावी, की चाक गरगर फिरायला लागे.

“अहो, तिला भाजी वाहायचा कंटाळा येत असेल,” हे बायकोचं निदान मी अशास्त्रीय म्हणून फेटाळलं.

शास्त्रीय निदानासाठी अभ्यास केला. रेसच्या मुठीत एक हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल या अमेरिकन माणसाने १८७९ साली शोधलेल्या तत्त्वावर तो चालतो. मूठ फिरली की आतलं चुंबक सेन्सरसमोरून सरकतं आणि सिग्नलच्या वायरीवरचा व्होल्टेज बदलतो. मूठ सोडलेली असताना एक व्होल्टच्या आतबाहेर, पूर्ण पिळल्यावर चारच्या आसपास. मी मल्टीमीटर आणला. लाल-काळ्या वायरींत पाचाच्या जवळ व्होल्ट, सिग्नल हवा तसा चढतोय, उतरतोय. रिपोर्ट नॉर्मल आला की काही पेशंट डॉक्टर बदलतात, मी त्यातला. मूठ उघडली.

उघडताक्षणी स्प्रिंग फ्रिजखाली गेली आणि चुंबक लोखंडी कपाटाला जाऊन चिकटलं. सगळं गोळा करून परत बसवलं, त्यात चुंबक उलटं बसलं. आता मूठ मोकळी असतानाच ‘फुल रेस’ असा हुकूम कंट्रोलरला जायला लागला. चालू करतानाच असा हुकूम आला, तर बरेच कंट्रोलर अपघात टाळण्यासाठी मोटर सुरूच करत नाहीत. आमचाही शहाणा निघाला. सायकल घरातही बंद! मूठच खराब होती, हे मी सिद्ध केलं होतं. नवी मूठ विकत आणली, बसवली आणि विजयी मुद्रेने मंडई गाठली.

येताना पुन्हा ढिम्म. मी मूठ पिळतोय, पिळतोय, आणि मागून भाजीवाल्या मावशी ओरडल्या, “काका, ब्रेक सोडा की! मागं लाल दिवा पेटलाय!”

माझी पिशवी डाव्या हँडलला लटकत होती. तिचे बंद मुठीसकट ब्रेकच्या दांडीवरून घेतलेले. बटाट्यांच्या वजनाने दांडी जराशी ओढली जात होती. या सायकलींच्या ब्रेकच्या दांडीत एक स्विच असतो. दांडी थोडी हलली, ब्रेक चाकाला टेकायच्या आधीच, की तो मोटर तोडतो, म्हणजे ब्रेक आणि मोटर यांची एकाच वेळी ओढाताण होत नाही. कंट्रोलर इमानेइतबारे बटाट्यांचा हुकूम पाळत होता. चोर डाव्या हाताला, फाशी उजव्या हातातल्या संन्याशाला.

तेव्हा, रेस चालेनाशी झाली तर मूठ उघडू नका. सायकल स्टँडवर लावून मोटरचं चाक अधांतरी ठेवा आणि दोन्ही ब्रेकच्या स्विचचे कनेक्टर आळीपाळीने सोडवून बघा. मोटर फिरली, तर दोष ब्रेकच्या बाजूला. मग कनेक्टर आठवणीने परत जोडा. त्याहीआधी हँडलला काय टांगलंय ते बघा. आणि बायकोचं निदान ऐकून घ्या. त्याला मल्टीमीटर लागत नाही.