एएमसी नसलेला माणूस

सहकारी बँक असो, इंजिनिअरिंग कॉलेज असो की साखर कारखाना, आयटी विभागात एक तात्या असतातच. खरं नाव पगारपत्रकावर असतं, ते कुणी वापरत नाही. हुद्दा 'सिस्टिम अ‍ॅडमिन' वगैरे काहीतरी. काम मात्र एकच : कोणत्या शाखेची लिंक पडली हे शाखेच्या आधी कळणं. त्यासाठी बँकेतल्या आमच्या तात्यांनी एका निवृत्तीला आलेल्या डेस्कटॉपवर नागिओस बसवलंय. फुकटातलं. राउटर, स्विच, यूपीएस, सर्व्हर, सगळ्यांना ते दर पाच मिनिटांनी 'आहेस का?' विचारतं आणि उत्तर आलं नाही की तात्यांचा मोबाइल वाजतो. जेसीबीने रस्ता खोदताना फायबर तोडली, तर जेसीबीवाल्याच्या आधी तात्यांना कळतं.

इतकी वर्षं या सॉफ्टवेअरबरोबर काढली की त्याचा स्वभाव अंगात मुरतो. एकदा उत्तर आलं नाही म्हणून नागिओस लगेच बोंब मारत नाही. ती अवस्था 'सॉफ्ट'. ठरलेल्या वेळा पुन्हा विचारतं, तरी सामसूम, तर 'हार्ड', आणि मग बोंब. तात्याही वहिनींनी तीनदा हाक मारल्याशिवाय उठत नाहीत. हॉलमधला पंखा कुरकुरतो ही तक्रार त्यांनी 'अ‍ॅकनॉलेज' केली आहे. म्हणजे बिघाड मान्य, पुन्हा कळवू नये. दुरुस्तीबद्दल अवाक्षर नाही. थोरला चिरंजीव एमपीएससी की नोकरी, हे रोज बदलतो. तो 'फ्लॅपिंग'. फ्लॅपिंग असलेल्याच्या सूचना नागिओस दाबून ठेवतं, म्हणून घरात तो विषय निघत नाही.

त्यांना चहा पाजला की इतिहास मिळतो. १९९४ साली इंग्लंडात लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाची इंटरनेटची लाइन होती ६४ केबीपीएसची. ती किती भरलीय हे दिसावं म्हणून टोबियास ओटिकर या स्विस गृहस्थांनी पर्लमध्ये स्क्रिप्ट लिहिली, ती एमआरटीजी. आत येणारं हिरवं, बाहेर जाणारं निळं. तो आलेख तात्या अजून अशा नजरेने बघतात की त्या नजरेवर वहिनींचा आक्षेप आहे.

पण खरी रंगत भाऊबंदकीची. इथन गॅल्स्टॅड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट काढलं, ट्रेडमार्कच्या कटकटीमुळे २००२ मध्ये त्याचं नागिओस झालं. सुधारणा फार हळू होतात म्हणून काही मंडळी २००९ मध्ये वेगळी निघाली आणि इसिंगा जन्मलं. पुढे नेमॉनही निघालं. तिकडे ऑब्झर्व्हियम या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या घरातून २०१३ मध्ये लिब्रेएनएमएस बाहेर पडलं. वाटण्या आपल्याकडेही होतात, पण या वाटणीत एक सोय आहे : घर दोघांनाही अख्खं मिळतं, फक्त दारावरची पाटी थोरल्याकडे राहते.

"मग तुम्ही कोणाकडे?" असं मी एकदा विचारलं. तात्या दचकले. "अहो, चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?"

हे त्यांचं अपग्रेडविषयक धोरण. त्यांच्या मूळ स्क्रिप्टमध्ये 'तात्पुरते' अशी एक टीप आहे, तिच्यापुढे तारीख २०११ची. आत काय चाललंय हे तेव्हा देवाला आणि तात्यांना माहीत होतं; आता तात्यांनी अंग काढून घेतलंय.

त्यांचं दुखणं एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं. एसीला एएमसी आहे, लिफ्टला आहे, पाण्याच्या प्युरिफायरलाही आहे. बजेटच्या बैठकीत तात्यांनी मॉनिटरिंगसाठी नवा सर्व्हर आणि थोडे पैसे मागितले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी निरागसपणे विचारलं, "तुम्हीच म्हणालात ना फुकट आहे? मग त्याला देखभाल कसली?" तात्या आठवडाभर धुमसत होते. फुकट म्हणजे विकत घ्यावं लागत नाही एवढंच, कुणीतरी रात्री जागतं त्याचं काय, वगैरे. शब्द न् शब्द खरा होता.

त्याच आठवड्यात यूपीएस तपासणारं एक प्लगइन बिघडलं. ते जर्मनीतला एक माणूस नोकरी सांभाळून रविवारी लिहितो. तात्यांनी त्याला पत्र धाडलं : विषय 'अर्जंट', शेवट 'काइंडली डू द नीडफुल'. दोन दिवसांनी 'रिमाइंडर १'. मग 'रिमाइंडर २', त्यात "हे सॉफ्टवेअर आपणच बनवले असल्याने जबाबदारी आपली आहे" असंही एक वाक्य. मी म्हटलं, "तात्या, त्याला एएमसी आहे का?" त्यांनी मला नागिओसच्या 'अननोन' अवस्थेत टाकलं.

जर्मनीहून एका ओळीचं उत्तर आलं : पॅच पाठवा, आनंदाने घेईन.

तात्यांच्या हाताखाली सांगलीची एक ट्रेनी मुलगी आहे. तिला नागिओसऐवजी प्रोमिथिअस हवंय, साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेलं. "तुझ्या प्रोमिथिअसला आपला जुना स्विच कळतो का?" "सर, मध्ये एक एक्स्पोर्टर लावावा लागतो." "म्हणजे दुभाष्या. आमच्याला लागत नाही." २०२४ मध्ये झॅबिक्स या आणखी एका मॉनिटरिंग सॉफ्टवेअरने लायसन्स बदलून एजीपीएल केलं, तेव्हा तात्यांनी 'आता बिल येणार' असं जाहीर केलं होतं. आपल्याकडे झॅबिक्स नाहीच, हे तिनेच हळूच सांगितलं.

पॅचही तिनेच लिहिला. चार ओळींचा. जर्मनाने घेतला, तिचं नाव लावलं. तात्या तो दिवसभर दाखवत हिंडले, "आपल्या बँकेतून जर्मनीला गेलं!" आणि त्या भरात देणगीचा अर्ज करून बसले : जर्मनाला पाच हजार रुपये.

अकाउंट्सने तीन कोटेशनं मागितली. सॉफ्टवेअर एकच, तेही फुकट, तर तीन कोटेशनं कुणाची? मग जर्मनाचा जीएसटी नंबर. मग व्हेंडर नोंदणीचा फॉर्म, शिक्क्यासह. झिरोधा या ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये असल्या फुकट सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी उभारला, हे कात्रण तात्यांनी अर्जाला जोडलं. ते "त्यांच्याकडेच मागा" अशा शेऱ्यासह परत आलं. अखेर मुलीने स्वतःच्या कार्डाने पैसे पाठवले, आणि एका सज्जन कारकुनाने ते तिला 'वॉटर प्युरिफायर, वार्षिक देखभाल' या खात्यातून परत दिले.

मार्चनंतर ऑडिट आलं. एकाच प्युरिफायरवर दोनदा खर्च कसा, दुसरं यंत्र प्रत्यक्ष दाखवा, असा शेरा पडला. तात्यांनी ऑडिटरना सन्मानाने नेऊन तो डेस्कटॉप दाखवला, हिरवं-निळं समजावून सांगितलं. ऑडिटरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नळ कुठंय?"