किटकारचा वारसदार

किटकारचा वारसदार म्हणजे वडिलांनी स्वतःच्या हाताने जोडलेली मोटार ज्याच्या वाट्याला आली आहे, आणि ती दुरुस्त करून ठेवायची की विकून टाकायची हे ज्याचे अजून ठरलेले नाही, असा गृहस्थ. व्याख्येतला दुसरा भाग महत्त्वाचा. ज्याचे ठरले तो नुसता मालक होतो किंवा नुसता विक्रेता. वारसदार उरत नाही. हा गृहस्थ मुख्यतः इंग्लंडात सापडतो. वय पन्नासच्या पुढे, रोजच्या वापरातली गाडी जपानी किंवा कोरियन, आणि तिच्या बोनेटखाली काय आहे याविषयी संपूर्ण उदासीनता.

तो इंग्लंडातच का सापडतो, याचे मूळ यंत्रप्रेमात शोधले जाते. खरे मूळ करात आहे. ब्रिटनमध्ये १९४० साली खरेदी कर आला आणि युद्ध संपल्यावरही गेला नाही. पन्नासच्या दशकात नव्या मोटारीवर तो किमतीच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असे. तीच मोटार सुट्या भागांच्या रूपात घेतली आणि घरी जोडली, तर मात्र हा कर लागत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीची १९५७ ची ‘सेव्हन’ ही या सवलतीची सर्वांत प्रसिद्ध संतती. भागांसोबत जोडणीची पुस्तिका द्यायला कायद्याची आडकाठी होती, म्हणून कंपनीने मोटार सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकाने ती शेवटच्या पानापासून वाचावी अशी अपेक्षा ठेवली, ही कथा किटकारवाले आजही चवीने सांगतात. जिनेटा, टीव्हीआर, मार्कोस, वेल्समधली गिलबर्न याही गाड्या अशाच खोक्यांतून घरोघरी गेल्या. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सवलत संपली. तोवर छंद हाडीमाशी खिळला होता; ज्या कारणासाठी तो धरला ते कारण गेल्यावरही तो सुटला नाही.

वर सांगितलेली नावे मात्र खात्यापित्या घरातली. वारसदाराच्या वडिलांची ऐपत बहुधा त्याहून कमी असे. ते जुनी फोर्ड एट किंवा फोर्ड टेन मातीमोल भावाने घेत, तिचा कुजलेला पत्र्याचा सांगाडा काढून टाकत आणि उरलेल्या चासीवर फायबरग्लासचे तयार कवच बसवत. अशी कवचे ॲशली, फाल्कन वगैरे छोटे कारखाने विकत. कवचाचा घाट इटालियन शर्यतीच्या मोटारीचा. खाली मात्र युद्धापूर्वीच्या घराण्यातले साइड-व्हॉल्व्ह इंजिन. फोर्ड टेनचे असले तर ११७२ सीसी आणि जेमतेम तीस अश्वशक्ती. गिअर तीन. वायपर इंजिनाच्या ओढीवर चालत, त्यामुळे पावसात चढ लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला की काचेवरचे पाते जागच्या जागी थांबे. चालकाला एका वेळी वेग किंवा दृष्टी यांपैकी एकच गोष्ट मिळत असे. तरीही असा माणूस ‘मी गाडी बांधली’ असे म्हणे, आणि ते खोटे नव्हे. भाजणी दुकानातून आणलेली असली, तरी चकल्या घरी पाडणारा चकल्या घरच्याच म्हणतो.

वारसदाराच्या पेचाचे बीज इथे आहे. साध्या मोटारीत खोट निघाली तर कंपनीला शिव्या देता येतात. किटकारच्या बाबतीत कंपनी म्हणजे वडील.

मोटारीचा ताबा मिळतो तेव्हा मोटार दिसत नाही. तिच्यावर घडीच्या खुर्च्या, अर्धवट वापरलेले रंगाचे डबे, नाताळचे प्लॅस्टिकचे झाड आणि ‘कधीतरी लागेल’ या वर्गातल्या लाकडी पट्ट्या असतात. हे सगळे बाजूला करायला एक शनिवार जातो, आणि त्या संध्याकाळी वारसदाराची पहिली प्रतिक्रिया हमखास एकच असते: ही इतकी लहान होती? लहानपणी मागच्या फळीवर बसून समुद्रावर गेल्याचे त्याला आठवत असते. आता पुढच्या सीटवर बसायला आधी उजवा पाय आत घालावा की आधी डोके, हे ठरवण्यात वेळ जातो.

मग कागदपत्रे. वडिलांनी कवच बदलले तरी नोंदणी जुनीच ठेवली, कारण त्या काळी कोणी विचारत नसे. परिणामी लॉगबुकात लिहिलेले असते: फोर्ड एट, १९३८, रंग काळा. समोर उभी असते १९५९ ची लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची वस्तू. थोडक्यात, कागदावर वारशात मिळालेली मोटार अस्तित्वात नाही आणि अस्तित्वात असलेली मोटार कागदावर नाही. मृत्युपत्राचे काम पाहणारा वकील या नोंदीपाशी क्षणभर थांबतो, चष्मा पुसतो आणि किमतीच्या रकान्यात नाममात्र आकडा टाकून पुढे जातो. या संपूर्ण प्रकरणातला चटकन घेतलेला हा एकमेव निर्णय.

भावंडांत भांडण होते, पण उलट्या दिशेने. आपल्याकडे वाडवडिलांच्या बांधाच्या वीतभर जागेसाठी कोर्टाची पायरी झिजते. इथे प्रत्येक जण अत्यंत उदार होऊन ‘तूच ठेव, बाबांना तेच आवडलं असतं’ असे म्हणतो. फ्लॅटमध्ये राहणारा भाऊ आधीच सुटलेला असतो. बहिणीचा खरे तर हक्क मोठा, कारण गॅरेजात वडिलांसाठी बॅटरी धरून तासन्‌तास उभी राहिलेली बहुधा तीच. कार्ब्युरेटर कसा उघडतो हेही घरात तिलाच ठाऊक. तरी गाडी मुलाकडे जाते, आणि बहीण फोनवरून सूचना देण्याचा अधिकार तेवढा राखून ठेवते. ज्याच्याकडे रिकामे गॅरेज, तो वारस, असा या क्षेत्रातला अलिखित वारसा कायदा आहे.

यानंतर पाहणी. फायबरग्लास गंजत नाही ही त्याची ख्याती खरी. रंगाखालच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात, दाराच्या बिजागरीपाशी तुकडा निघतो, पण कवच टिकते. गंजते ते कवचाखालचे लोखंड. वरून गाडी धडधाकट दिसत असताना चासीची अवस्था अशी होते, की स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आत जातो. (टोचू नये असे वारसदाराला सगळे सांगतात, टोचल्याशिवाय कोणीच राहत नाही.) ब्रेक सळ्यांचे, तेलावर न चालणारे, चार चाकांवर ते सारखे लागावेत यासाठी वडील दर काही महिन्यांनी रविवारची सकाळ घालवत. नटबोल्ट तीन पिढ्यांचे: काही व्हिटवर्थ मापाचे, काही इंचांतल्या नव्या मापाचे, आणि सत्तरच्या दशकानंतर हाती लागेल ते मिलिमीटरमधले. प्रत्येक बोल्टला दोन पाने सैल होतात आणि तिसरा बसत नाही.

पण खरी वडिलांची सही वायरिंगवर असते. कारखान्यात प्रत्येक कामाला वेगळ्या रंगाची तार असते. वडिलांकडे तारेचे एकच रीळ होते, आणि ते हिरवे होते. दिवे, हॉर्न, डायनामो, इंडिकेटर, सगळे हिरवे. नकाशा त्यांच्या डोक्यात होता आणि तो मृत्युपत्रात नमूद केलेला नव्हता. बोनेटची कडी स्वयंपाकघरातल्या कपाटाची. डॅशबोर्डवरचे एक बटण काहीच करत नाही, निदान ते दाबल्यावर काय होते हे कोणाला कळलेले नाही. सोबत एक वही मिळते. तिच्यात प्रत्येक कामाची तारीख, खर्च आणि शेरा. सर्वाधिक वेळा आलेला शेरा ‘तात्पुरती सोय’ हा आहे. १९६१ साली केलेली तात्पुरती सोय वडिलांच्या पश्चातही उत्तम चालू असते. त्यांनी कायमस्वरूपी म्हणून केलेली कामे तेवढी निकामी झालेली असतात.

मेकॅनिक येतो. जगातल्या कोणत्याही मेकॅनिकचे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘हे कोणी केलंय?’ वारसदार त्यावर ‘आधीच्या मालकानं’ असे उत्तर देतो. उत्तर कायद्याने अचूक असते. देताना त्याचे कान मात्र लाल होतात. मेकॅनिक अंदाजपत्रक देत नाही, तासाचा दर देतो, आणि तास किती लागतील या प्रश्नावर गाडीकडे न बघता छताकडे बघतो. सुटे भाग मिळण्याची तऱ्हाही विचित्र आहे. फोर्डचे भाग अजून मिळतात, कारण त्या गाड्या लाखांनी निघाल्या. कवच बनवणारा कारखाना मात्र केव्हाच बंद पडला, आणि दार, काच, टप यांची मापे वडिलांनी कापली तशी. एक दार दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब असते. ते दुरुस्त करायचे तर वडिलांची चूक सुधारावी लागते, न करावे तर पाऊस आत येतो. वारसदार इथे बराच काळ रेंगाळतो.

सल्लागारांना तोटा नसतो. हौशी मोटारवाल्यांचे जुने क्लब ब्रिटनमध्ये भरपूर. ‘७५० मोटर क्लब’ तर १९३९ पासून आहे. क्लबातले ज्येष्ठ सदस्य दोन पंथांचे. एका पंथाच्या मते गाडी वडिलांनी ठेवली तशीच ठेवावी, हिरव्या तारांसकट, कारण तोच इतिहास. दुसऱ्याच्या मते ती वडिलांना जशी हवी होती तशी करावी, म्हणजे त्यांना न परवडलेले इंजिन बसवून. दोन्ही पंथ वडिलांच्या वतीने बोलतात. बायको तिसरा पंथ. तिचे म्हणणे एवढेच, की गॅरेजात गाडी ठेवतात असे तिने ऐकले आहे आणि तिला एकदा ठेवून बघायची आहे.

सरकारचे म्हणणे या सगळ्यांत तर्कशुद्ध, म्हणूनच सर्वांत गोंधळात टाकणारे. मुळापासून बदललेली गाडी ‘तीच’ गाडी आहे का, हे ठरवायला ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने गुणपद्धती केली. मूळ चासीला पाच गुण; सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन; इंजिनाला एक. आठ गुण मिळाले आणि त्यांत चासी असली, तर जुना नंबर राहत असे. नाहीतर गाडीची नव्याने तपासणी होऊन ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळत असे, ज्याचा अर्थ जाणकारांच्या लेखी ‘कुळशील अज्ञात’. वडिलांनी आयुष्यभर ज्याची बढाई मारली त्या इंजिनाची किंमत यात एक गुण. ज्या लाल कवचाला सगळे घर ‘गाडी’ म्हणत आले त्याला शून्य. आणि पाच गुण असलेली एकमेव वस्तू ती, जिच्यात स्क्रू ड्रायव्हर शिरतो. २०२५ मध्ये जशीच्या तशी दुरुस्ती करणाऱ्यांसाठी खात्याचे नियम सैल झाले. पण जशीच्या तशी म्हणजे १९३८ मध्ये होती तशी की १९५९ मध्ये झाली तशी, या विचाराने वारसदाराची आणखी एक संध्याकाळ जाते. चाळीस वर्षांहून जुन्या आणि अलीकडच्या काळात फारसा बदल न झालेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीही माफ आहे. म्हणजे सळ्यांचे ब्रेक लागतात का, हे बघण्याचे काम सरकारने मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवले आहे. बायकोला ही तरतूद मान्य नसते.

शेवटी काय होते, याचे तीन प्रकार दिसतात. काही जण खरोखर दुरुस्त करतात. त्यांच्यात होणारा बदल पाहण्यासारखा असतो. सुरुवातीला वहीतला प्रत्येक शेरा वाचून कपाळाला हात लावणारा माणूस तिसऱ्या हिवाळ्यात स्वतःच्या वहीत ‘तात्पुरती सोय’ लिहू लागतो. पुढे तो गाडी मेळाव्याला नेतो. तिथे कोणी म्हातारा वाकून बघतो आणि ही कडी कपाटाची दिसते म्हणतो, तेव्हा ‘आधीचा मालक’ गायब होतो. ‘माझ्या वडिलांनी बसवली आहे, आणि साठ वर्षांत एकदाही उघडली नाही,’ असे उत्तर येते. बोनेट अडकल्यामुळे ती कधीकधी हवी तेव्हाही उघडत नाही, हे सांगितले जात नाही.

काही जण विकायला काढतात. गिऱ्हाईक येते ते बहुधा नंबरासाठी, कारण जुन्या, साल न दर्शवणाऱ्या नंबरांना ब्रिटनमध्ये स्वतंत्र बाजार आहे आणि कित्येकदा गाडीपेक्षा पाटीला भाव जास्त असतो. हे कळताच वारसदाराचा स्वाभिमान जागा होतो. यापुढे येणाऱ्या प्रत्येकाची तो मुलीच्या स्थळासारखी चौकशी करतो: राहता कुठे, गॅरेज पक्के आहे का, यापूर्वी काय सांभाळले आहे. एवढ्या कसोटीला उतरणारा माणूस आलाच, तर किंमत कमी येते.

उरलेले, आणि हेच बहुसंख्य, काहीच करत नाहीत. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. रस्त्यावर न येणाऱ्या गाडीबद्दल १९९८ पासून सरकारला तसे कळवावे लागते, पूर्वी ते दरवर्षी करावे लागे. २०१३ च्या डिसेंबरपासून एकदा कळवले की पुरते; दरवर्षी स्वतःला ‘यंदा तरी काय करायचे?’ असे विचारण्याची निदान कायदेशीर सक्ती उरलेली नाही. वारसदार मग फक्त एक खर्च करतो, नवे कव्हर मागवतो. फॉर्मवर गाडीची कंपनी, मॉडेल आणि साल भरायचे असते. तो प्रामाणिक माणूस लॉगबुकात आहे तेच लिहितो, आणि काही दिवसांनी उंच टपाच्या १९३८ च्या फोर्ड एटच्या मापाचे कव्हर येते. ते लाल गाडीवर दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत लोळते. वाया जाऊ नये म्हणून वर खुर्च्या ठेवल्या जातात.